बत्तीस पुढं, चाळीस मागं

फिरतीवर निघण्याआधी आमच्या नर्सबाई सायकलच्या तारा वाजवून बघायच्या. स्टँडवर उभी केलेली लेडीज सायकल, तिच्या मागच्या चाकापाशी उकिडव्या बसलेल्या बाई आणि त्यांच्या तर्जनीचं नख एकेका तारेवर. टिंग, टिंग, टिंग. एखादी तार ‘टिंग’ न म्हणता ‘टक’ म्हणाली की बाई थांबायच्या, कनवटीचा छोटा पान्हा काढायच्या, त्या तारेला पाव फेरा द्यायच्या आणि पुन्हा पहिल्या तारेपासून सुरुवात करायच्या. कुणाच्या सुनेला कळा सुरू झालेल्या असल्या तरी हे चुकायचं नाही. बोलवायला आलेला माणूस घायकुतीला यायचा. बाई मान वर न करता म्हणायच्या, “आता दोन मिन्टं लागत्याल. वाटंत मोडलं तर दोन घंटे.”

कचेरीत त्यांना ‘चाळीसतारी बाई’ म्हणायचे. हे नाव मी ठेवलं होतं. मी त्यांच्या बाबतीत जे जे केलं, त्यातली ही सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट.

मी तेव्हा तालुक्याच्या एका कचेरीत कारकून होतो. कुठल्या खात्यात, ते सांगत नाही. सगळी खाती एकाच माळेचे मणी. पोलीस ॲक्शन होऊन सातआठ वर्षं झाली होती. कपाटातल्या जुन्या मिसली, म्हणजे फायली, उर्दूत होत्या, नव्या मराठीत, आणि आमचे हेडक्लार्क दोन्ही भाषांत ‘नाही’ म्हणायला शिकलेले होते. माझं वय चोवीस. अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षराचं सगळे कौतुक करायचे आणि मला ते खरं वाटायचं.

बाईंचं केंद्र येरमाळ्याच्या रस्त्यापासून आत होतं. चौदा गावं आणि वाड्या त्यांच्याकडे. बाई चाळिशीला टेकलेल्या, सावळ्या, हाडापेरानं मजबूत. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला, मग निजामाच्या अमदानीत लातूरकडच्या एका दवाखान्यात आया म्हणून लागल्या आणि बघत बघत, शिकत शिकत नर्स झाल्या. पांढरं पाचवारी लुगडं, पदर कमरेला घट्ट खोचलेला. त्या पहिल्यांदा सायकलवर बसून गावात शिरल्या तेव्हा माणसं जत्रेसारखी जमली होती म्हणतात. बाईंनी पायडल थांबवलं नाही. “हसून घ्या,” एवढंच म्हणाल्या, “घरात बाळंतीण अडली की बोलवायला याल, तवा मी हसंन.” त्या कुणाला हसल्या नाहीत ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या सायकलवरचं ओझं बघून माझ्यासारख्याची कंबर दुखायची. कॅरिअरवर बाळंतपणाची पत्र्याची पेटी, तिच्यावर दुधाच्या पावडरीचे डबे, हँडलला औषधाची पिशवी. आणि वेळ पडली तर परतताना पेटी हँडलला बांधून मागं एखादी अडलेली बाई बसवायची, डाव्या हातानं तिला मागल्या मागं धरायचं आणि उजव्या हातानं सायकल हाकायची. रस्ते म्हणजे काळ्या मातीतल्या बैलगाडीच्या चाकोऱ्या. मुरमाचा माळ लागला तर तो चांगला रस्ता. अशा वाटेवर चाक हे काही शोभेचं काम नव्हतं, आणि बाई चाकाच्या बाबतीत कुणाचं ऐकायच्या नाहीत.

मला हे कळलं ते कळंबच्या बाजाराच्या दिवशी. माझी सायकल पंक्चर झाली म्हणून मी मिस्त्रीच्या दुकानावर गेलो, तर बाई दुकानापुढं गोणपाटावर बसलेल्या. समोर जुन्या हबांचा ढीग. सायकलच्या चाकाच्या मधोमध जो लोखंडी तुंबा असतो, ज्यात आस फिरतो आणि ज्याच्या दोन्ही थाळ्यांना तारा अडकवतात, तो हब. रजा टाकून, एसटीनं सोलापूरला जाऊन, जुन्या सामानाच्या बाजारात हिंडून बाईंनी ते पोतंभर हब मिस्त्रीसाठी आणले होते. अट एकच, की पहिली निवड त्यांची.

“काय निवडायलाव बाई, वांगी?” मी विचारलं.

“वांगं किडकं निघालं तर एका येळची भाजी जाती, भाऊसाहेब,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा हब उचलला. आसाची दोन टोकं दोन्ही अंगठ्यांवर धरली, हब करंगळीनं फिरवला आणि डोळे मिटले. फिरणं थांबेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. मग तो हब बाजूला ठेवून दिला. “हब डोळ्याला कळत न्हाय, बोटाला कळतो. आतले छर्रे कुरकुरले की अंगठ्याला मुंग्या येत्यात.” असे दहाबारा झाले. शेवटी एक काळपट, जाडजूड हब त्यांच्या हातात थांबला. त्याच्या थाळ्या त्यांनी मला दाखवल्या. “ह्या अशा रुंद पायजेत, जाड पायजेत. पातळ थाळीत तार भोक कुरतडती, मग एक दिस थाळीच फाटती.”

मग त्यांनी माझ्या सायकलकडे बघितलं. “तुमच्या सायकलीला तारा किती?”

“असतील की,” मी म्हणालो, “दोन्ही चाकांना सारख्याच.”

“मोजा.”

उन्हात उकिडवं बसून मी मोजल्या. पुढच्या चाकाला बत्तीस. मागच्याला चाळीस. दोनदा मोजल्या. शाळेपासून मी त्या सायकलवर बसत होतो आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आपल्याकडच्या कुठल्याही दणकट सायकलला तसंच असतं, हे मिस्त्रीनं सांगितलं. ज्यांना शंका असेल त्यांनी मोजून बघावं.

“पुढचं चाक वाट बघतं, मागचं वझं वाहतं,” बाई म्हणाल्या. “मग दोघांचं माप एक कसं आसंल?”

मिस्त्री आपल्या दखनीत म्हणाला, “बाबूजी, मेरेकू हात का काम मालूम. हिसाब इनो जानते.”

त्या दिवशी बाईंनी रिंगही निवडली. मिस्त्रीनं आधी कौतुकानं एक चकचकीत रिंग पुढं केली. तोंड दिसावं अशी. बाईंनी ती गुडघ्याखाली दाबून बघितली, सांधा निरखला आणि परत दिली. “नवरदेवाला द्या. वरातीपुरती चांगली हाय.” त्यांनी घेतली ती काळी, बोजड रिंग. जड आहे हो, असं मी म्हणालो. “जड वझ्याला जडच लागती. अन् ही वाटंत वाकली तर कुठल्याबी खेड्यातला लोहार ठोकून सरळ करंल. ती गेली की गेली.” प्रवासाला निघणाऱ्या माणसानं वस्तू कशी निवडावी, याबद्दल याहून शहाणं बोलणं मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत मिस्त्रीनं चाक बांधलं. बाई शेजारी बसून एकेक तार वाजवत होत्या. “सगळ्यांनी सारखं ओढाय पायजे,” त्या म्हणाल्या. “एक ढिली ऱ्हायली तर ती सोता मोडत न्हाय. तिच्या शेजारच्या मोडत्यात.”

हब त्यांचा स्वतःचा, घरचा. सायकल सरकारी. सरकारी सायकलला घरचा हब का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “पाय बी घरचेच हायेत की.”

त्या चाकाचा गुण मला माझ्या घरात बघायला मिळाला. बायकोचं पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी, आणि माहेर बाईंच्या चौदा गावांपैकी एक. श्रावण होता, ओढे भरलेले, काळी माती घोट्यापर्यंत. पहाटे माणूस गेला आणि चांगलं ऊन वर यायच्या आत बाई चिखलानं माखलेली सायकल ढकलत, मध्ये बसत, पुन्हा ढकलत दारात हजर झाल्या. मूल आडवं आलं होतं. सासूबाई सांगत होत्या, आणखी अर्धा घंटा गेला असता तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती. मी आठ दिवसांनी पेढे घेऊन बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, “पोरगी लई रडती. म्हंजी दम हाय.” आणि पेढा तोंडात टाकून तारा वाजवायला बसल्या.

हे मी मुद्दाम आधी सांगितलं. यापुढं जे सांगणार आहे ते करताना मला हे सगळं माहीत होतं, एवढं वाचणाऱ्याच्या लक्षात राहावं.

दोनतीन वर्षांनी चाकोरीत आदळून त्या काळ्या रिंगला चीर गेली. पुढचीही गंजली होती. बाईंनी रीतसर अर्ज केला: मागची रिंग चाळीस भोकांची, पुढची बत्तीस, दोन्ही जाड आणि काळ्या, हब जुनेच चालतील. अर्ज माझ्या टेबलावर आला. मी मागणीपत्रात नेटकं उतरवून हेडक्लार्कांपुढं ठेवलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “हे काय? मागणीपत्रात ‘चाके, जोडी’ असा रकाना आहे. सुट्या रिंगा कुठून आणता? आणि जोडी म्हटली की सारखी. चपलांची जोडी घेताना तुम्ही एक सहा नंबरची आणि एक आठ नंबरची घेता काय?”

बसलेले सगळे हसले. मीही हसलो. बाहेर व्हरांड्यात माझी सायकल उभी होती. दोन पावलं टाकून त्यांना तिथं नेलं असतं आणि ‘मोजा’ म्हटलं असतं, तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण हेडक्लार्कांना ‘मोजा’ म्हणणारा कारकून अजून जन्माला यायचा होता. मागणीपत्र परत गेलं की पुन्हा दोन वेगळी कागदपत्रं, दोन मंजुऱ्या, वर्षभराचं लोंबकळणं. मला वाटलं, आपण बाईंचं कामच करतोय. मी हिशेब केला. बत्तीस आणि चाळीस बहात्तर. बहात्तरचे निम्मे छत्तीस. सरकारचंही नुकसान नाही, बाईंचंही नाही, तारा तेवढ्याच. मी दोन्ही आकडे खोडले आणि वर माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, छत्तीस.

खाडाखोडीवर सही करायची असते. ती मी केली नाही.

“आता कसं कारकुनासारखं डोकं चाललं,” हेडक्लार्क म्हणाले. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत खुशीत होतो, हेही सांगून टाकतो.

छत्तीस तारांची चाकं इकडं कुणी घेत नसे. तो शहरातल्या शौकीन, हलक्या सायकलींचा माल. पुरवठादाराकडे पडून होता, त्यानं आनंदानं पाठवला. चकचकीत रिंगा, पातळ थाळ्यांचे नाजूक हब, सगळं जुळवून तयार. नवी चाकं देताना जुनी जमा करून घ्यायची, असा नियम होता. बाईंची सायकल मागवून तिची जुनी चाकं मी काढून भांडारखोलीत टाकली आणि त्यांना ‘निरुपयोगी सामान’ अशी चिठ्ठी बांधली.

बाई न्यायला आल्या. नव्या चाकापाशी बसल्या, तारा वाजवल्या. मग मोजल्या. मग पुढच्या चाकाच्या मोजल्या.

“छत्तीस?” त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“वरूनच तसं आलं,” मी म्हणालो.

हे वाक्य मी त्यानंतर नोकरीत शेकडो वेळा बोललो असेन. पहिल्यांदा बोललो ते बाईंपुढं. बाईंनी मागची रिंग गुडघ्याखाली दाबून बघितली. मग म्हणाल्या, “बरं. माझा हब तेवढा काढून द्या. चाळीसाची रिंग इकत घेऊन मिस्त्रीकडून चाक बांधून घेते मी.”

“तो आता सरकारजमा झाला.”

“माझ्या घरचा हाय त्यो, भाऊसाहेब. तुमच्या म्होरं निवडलाय.”

“त्याचा काही कागद आहे का?” मी विचारलं. कागद कुठून असणार? सोलापूरच्या जुन्या बाजारात पोत्यातून वस्तू घेणाऱ्याला कोण कागद देतो? बाईंनी नवी चाकं बसवून घेतली आणि त्या गेल्या. भांडारखोलीची किल्ली माझ्या खिशात होती.

पुढचे आठ महिने बाई दर बाजाराला मिस्त्रीकडे दिसायच्या. चाक वेडंवाकडं फिरू लागलं की त्याला ‘आऊट’ म्हणतात. तो आऊट काढून काढून मिस्त्री कंटाळला. मागच्या तारा तुटायच्या, कधी एक, कधी दोन. मिस्त्रीनं एकदा मला हाक मारली. “बाबूजी, ये चाक शादी का है, काम का नै. बाई गिरेंगे एक दिन.” मी म्हणालो, वर कळवतो. बाईंनी स्वतः दोनदा लेखी कळवलं, की मागचं चाक भार सोसत नाही. हेडक्लार्क म्हणाले, “नव्या चाकाला काय धाड भरली? बाईंना नखरे सुचायलेत.” दोन्ही कागद मी भोक पाडून, दोरा ओवून, व्यवस्थित मिसलीला लावले.

वैशाखातली गोष्ट. डोंगराखालच्या एका वाडीहून दुपारी बाईंना बोलावणं आलं. पोरगी एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, रक्त जातंय. बाईंनी नेहमीसारख्या तारा वाजवल्या, दोन घट्ट केल्या, पेटी बांधली. उतारावर मुरमातून जाताना मागच्या चाकाच्या पाचसहा तारा एकदम तडातडा तुटल्या आणि चकचकीत रिंगचा आठाचा आकडा झाला. बाई पडल्या, गुडघा फुटला. सायकल बाभळीला टेकवून त्यांनी पेटी डोक्यावर घेतली आणि राहिलेली अडीच कोस वाट उन्हातून चालत, पळत, लंगडत कापली. पोचल्या तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती. मूल झालेलं होतं, मुलगा, जिवंत. आईचा जीव बाई पेटी उघडत असतानाच गेला.

वाडीनं तक्रार केली. त्यांचा काय दोष? घरातली पोरगी गेली होती आणि नर्सबाई उशिरा आल्या होत्या. जिल्ह्याहून साहेब चौकशीला आले. आमच्याच कचेरीत टेबल मांडलं. साहेब, हेडक्लार्क आणि नोंदी वाचून दाखवायला मी. बाईंना खुर्ची दिली नव्हती. गुडघ्याला पट्टी बांधलेली, भिंतीचा आधार न घेता त्या उभ्या होत्या.

निरोप किती वाजता मिळाला? किती वाजता निघालात? निघायला उशीर का केलात, सायकलपाशी बसून होतात असं निरोप्या सांगतो, ते खरं का?

“चाक बघत व्हते,” बाई म्हणाल्या. “तरी वाटंत मोडलं.”

“चाक कधीचं होतं?” साहेबांनी मला विचारलं.

मी वही उघडून खणखणीत आवाजात वाचलं, “चाके, एक जोडी. नवी. सुस्थितीत. मागणीप्रमाणे मिळाली.”

“मागणीप्रमाणे,” साहेबांनी लिहून घेतलं.

त्या वेळी बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. हब फिरवून, डोळे मिटून तो थांबायची वाट बघत बसायच्या ना, तशा शांतपणानं त्या थांबल्या होत्या. खोलीत पंख्याचा आवाज होता. मागणीपत्राची मिसल माझ्या कोपराखाली होती. चार पानं उलटली की तो खोडलेला चाळीस आणि वरचा छत्तीस साहेबांना दिसला असता. बाईंचे दोन अर्जही त्याच दोऱ्यात होते. किती तारांचं चाक, असं साहेबांनी एकदा विचारलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला नंतर फार वर्षं सांगत आलो. साहेबांनी विचारलं नाही. मी वहीचं पान उलटलं.

सगळे जेवायला गेल्यावर मी व्हरांड्यात आलो. हेडक्लार्कांची सायकल भिंतीला लावलेली होती. मी खाली बसून तिच्या तारा मोजल्या. पुढं बत्तीस, मागं चाळीस.

रात्री जेवताना बायकोनं विचारलं, “बाईंच्या बाजूनं सांगितलंत ना तुम्ही?” पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती. मी म्हणालो, “सांगितलं.” तिनं माझ्या पानात भाकरी वाढली. तिला हे खोटं कधी कळलं नाही. कळलं असेल तर तिनं तसं दाखवलं नाही.

निष्काळजीपणा आणि सरकारी सायकलची हेळसांड अशी दोन कारणं लावून बाईंना कामावरून कमी केलं. सायकल जमा करायला त्या स्वतः आल्या. मिस्त्रीनं कसंबसं चाक सरळ करून दिलं होतं. बाई सवयीनं मागच्या चाकाशी वाकल्या, बोट तारेपर्यंत नेलं आणि मागं घेतलं. “नोंद करून घ्या, भाऊसाहेब,” म्हणाल्या. मी सुस्थितीत असं लिहिलं. एक ट्रंक आणि वळकटी घेऊन त्या धाराशिवच्या गाडीत बसल्या. गाडी सुटेपर्यंत मी स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात आत तोंड करून बसलो होतो. मिस्त्री मात्र हातातलं काम टाकून स्टँडवर गेला होता. नंतर वर्षभर तो माझी सायकल हातात घ्यायचा नाही; पंक्चर काढायला मी दुसरीकडे जायचो.

वर्षदीड वर्षानं निरुपयोगी सामानाचा लिलाव निघाला. आदल्या दिवशी मी भांडारखोलीत जाऊन त्या जुन्या चाकाच्या तारा पक्कडीनं कापल्या आणि हब धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आणला. उभ्या नोकरीत केलेली ही एकच चोरी. बाईंना तो नेऊन द्यायचा होता. पण धाराशिवला जायचं म्हणजे त्यांच्यासमोर उभं राहायचं, आणि ते धाडस जमायला मला आठनऊ वर्षं लागली. कामासाठी जिल्ह्याला कितीतरी वेळा गेलो आणि पिशवीत हब घेऊन तसाच परत आलो.

शेवटी एकदा गेलो. बाई एका बोळात दोन खोल्यांत राहत होत्या. कामावरून काढल्यावर त्या आसपासच्या गल्ल्यांतली बाळंतपणं करत होत्या, चालत जाऊन. पुढं तो फुटलेला गुडघा पार बसला. आता दाराशी बाज टाकून असायच्या, हाताशी काठी. केस पांढरे झाले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं.

“या, भाऊसाहेब. बसा.”

मी बाजेच्या कडेला बसलो. पिशवीतून हब काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पदरानं पुसला, आसाची टोकं अंगठ्यांवर धरली, करंगळीनं फिरवला आणि डोळे मिटले. हब फिरत राहिला, फिरत राहिला आणि आवाज न करता थांबला.

“छर्रे धरणारा कोन जरा ढिला झालाय,” बाई म्हणाल्या. “बाकी चांगला हाय.” मग तितक्याच साध्या आवाजात म्हणाल्या, “छत्तीस तुमीच केलं व्हतं न्हवं?”

“व्हय,” मी म्हणालो.

“मला ठाव व्हतं. तुमच्या दराजात कागद उघडाच व्हता त्या दिशी, चाकं न्यायला आले तवा. तुमचं अक्षर लपतंय व्हय?”

“मग चौकशीत तुम्ही का बोलला नाहीत?”

“मी बोलले आसते तर ती सबब झाली आसती. नर्स सोताची कातडी वाचवायलीय म्हणले आसते. तुमी बोलला आसता तर साहेबांनी लिहून घेतलं आसतं.” त्यांनी हब बाजेवर ठेवला. “म्हणून थांबले व्हते.”

मला त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं होतं. ठेवलं असतं तर त्यांनी आशीर्वादही दिला असता, आणि मी हलका होऊन घरी गेलो असतो. तेवढी एक लाज मला त्या वेळी वाटली. मी जागचा हललो नाही.

“पोरगी कितवीत हाय?” त्यांनी विचारलं.

“यंदा सातवीत.”

“रडती का अजून?”

“नाही. आता भांडते.”

“भांडू द्या,” बाई म्हणाल्या.

त्यांनी शेजारणीला सांगून चहा करवला. मी प्यालो. निघताना त्यांनी हब उचलून माझ्या पिशवीत परत घातला. राहू द्या बाई, तुमचाच आहे, असं मी म्हणालो. “मला आता काठी पुरती,” त्या म्हणाल्या. “ह्यो तुमच्याजवळच पायजे.”

पुढच्या उन्हाळ्यात बाई वारल्याचं मिस्त्रीकडून कळलं. मधल्या काळात तो पुन्हा बोलायला लागला होता, कामापुरतं.

हब माझ्या टेबलावर असतो. वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय, असं लोकांना वाटतं. दर दिवाळीला मी त्यात तेल सोडतो. घरी येणारे उचलून बघतात, हे काय म्हणून विचारतात. मी सांगतो, सायकलचा हब. चांगला जड आहे हो, म्हणतात आणि परत ठेवतात. किती तारांचा, असं आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही.